‘इम्पेरियुम’ म्हणजे लूट? एका विधानाला उत्तर

शब्दवेडा :
“‘इम्पेरियुम’ या शब्दात पहिल्या दिवसापासून परमुलुख लुटण्याचाच अर्थ होता,” असे एका सदस्याने काल येथे ठामपणे लिहिले आणि त्यावर वाहवाही झाली, म्हणून हे लांबलचक उत्तर. ‘इम्पेरियुम’ हा लॅटिन शब्द, इंग्रजी ‘एम्पायर’ त्याच्यापासूनच आला. प्रजासत्ताक रोममध्ये इम्पेरियुम हा मुलूख नव्हता. कॉन्सुल हे सर्वोच्च अधिकारी आणि त्यांच्या खालोखालचे प्रेटर यांना लाभणारा तो हुकमाचा अधिकार होता. सामान्य जनतेचा कैवारी असलेल्या ट्रिब्यूनकडे ‘पोतेस्तास’, म्हणजे पदाचा साधा अधिकार असे, इम्पेरियुम नसे. कॉन्सुलापुढे बारा लिक्टर, म्हणजे त्याचे सेवक-रक्षक, काठ्यांच्या मोळ्या घेऊन चालत आणि नगराच्या पवित्र सीमेच्या आत मोळीतला परशू काढून ठेवत, कारण तेथे नागरिकाला देहदंडाविरुद्ध जनतेकडे दाद मागता येत असे. मुलुखाचा अर्थ पुढे चिकटला. १५३३ मध्ये आठव्या हेन्रीच्या कायद्याने इंग्लंडला ‘एम्पायर’ म्हटले ते वसाहतींसाठी नव्हे, तर तेथील खटल्यांची अंतिम अपिले रोमला पोपकडे जाऊ नयेत म्हणून. त्याच घराण्यातल्या ‘इम्पेरातोर’ (हुकूम देणारा सेनापती, पुढे सम्राट) या शब्दापासून आलेल्या अल्बेनियन ‘म्ब्रेत’चा अर्थ तर नुसता राजा असा आहे. यात लूट कोठे आहे?

कडेलोट :
लूट आपल्याच परशूत आहे. सीमेच्या आत तो काढत, मग बाहेर काय करत, हे आपण सोयीस्करपणे गाळले आहे. सिसिली बेटाचा रोमन सुभेदार व्हेरेस याने तेथे तीन वर्षे जी लूट केली ती याच इम्पेरियुमच्या बळावर केली, आणि त्याच्यावर खटला चालवणाऱ्या सिसेरोचा आरोप खरा मानला तर त्याने एका रोमन नागरिकालाही क्रुसावर चढवले. नागरिकाची ही गत, तर इतरांची काय असेल?

मांडवीकाठ :
आमच्याकडे हा शब्द पोर्तुगीज वेशात आला. पोर्तुगालच्या १९३० च्या वसाहत कायद्यात ‘इंपेरियु’ अभिमानाने मिरवला गेला. १९५१ मध्ये जगाचा रोख पाहून तो पुसला आणि गोवा ‘सागरपार प्रांत’ झाला. १९५५ मध्ये संयुक्त राष्ट्रांत प्रवेश मिळाल्यावर पोर्तुगाल निर्विकारपणे सांगू लागला की आमच्याकडे वसाहती नाहीतच. माझ्या आजोबांना मराठी पत्रके वाटल्याबद्दल पकडले ते या बदलानंतर. मारणाऱ्याच्या हातात जोर पूर्वीइतकाच होता. आम्हाला १९६१ पर्यंत थांबावे लागले, आणि तरीही ‘पोर्तुगीज त्यातल्या त्यात बरे होते’ हे आम्हाला पुण्यातली मंडळी ऐकवतात.

दप्तरदार :
आपल्या आजोबांविषयी आदर आहे, परंतु चर्चा लॅटिन शब्दाची आहे, गोव्याची नव्हे, आणि पुणेकरांची तर मुळीच नव्हे. इंग्रजी ‘पॉवर’, फ्रेंच ‘पुव्हार’ आणि पोर्तुगीज ‘पोदेर’ यांचे घराणे ‘पोस्से’चे, म्हणजे ‘शकणे’ या क्रियापदाचे आहे, इम्पेरियुमचे नाही, हे येथे कोणीच नोंदवलेले दिसत नाही.

मांडवीकाठ :
दप्तर आपल्याला लखलाभ असो. ज्या ‘प्रांत’ शब्दाआड पोर्तुगाल लपला, तो त्यांच्या भाषेतला ‘प्रोव्हिन्सिया’, आणि त्याचा मूळ अर्थ तरी काय? इम्पेरियुमधारकाला नेमून दिलेले कार्यक्षेत्र! एक रोमन शब्द पुसून दुसरा रोमन शब्द लिहिला, आणि दोन्ही एकाच कचेरीतले. हा विषयांतराचा आरोप मागे घ्यावा.

दप्तरदार :
घेतो. ‘प्रोव्हिन्सिया’विषयी आपले म्हणणे बरोबर आहे, ते पहिल्याच प्रतिसादात लिहिले असते तर आम्हाला पुण्याची बोलणी खावी लागली नसती.

शब्दवेडा :
सीमेबाहेरचा परशू मी गाळला, हा कडेलोट यांचा टोला मला अजिबात आवडलेला नाही, तरी तो बसला आहे. आत दाद मागण्याचा हक्क आणि बाहेर हुकूम, ही फाळणी त्या अधिकारातच होती, एवढे मान्य. ‘पहिल्या दिवसापासून’ आणि ‘लुटण्याचाच’ हे दोन शब्द मात्र मी शेवटपर्यंत मान्य करणार नाही, कारण हाच अधिकार घेऊन प्रेटर रोममध्ये रोमन लोकांचेच दावे चालवत असे.

कडेलोट :
चालवत असेल. सिसिलीच्या शेतकऱ्याला त्याचा काय उपयोग, एवढे सांगावे.