विज्ञानाचं पुस्तक आणि आमची मुलं : तुमचेही अनुभव लिहा

भाचीला वाचून दाखवत होते. एका पानावर होतं, की चंद्र रोज सरासरी 50 मिनिटं उशिरा उगवतो. सात वर्षांची ही पोर पुस्तक मिटून सरळ खिडकीशी गेली. पौर्णिमेपासून पाच रात्री आम्ही वेळा टिपल्या. फरक काही दर वेळी 50 आला नाही, कधी कमी, कधी जास्त. एका रात्री ढग, म्हणून नुसती फुली. ‘सरासरी’ हा शब्द तिला त्या कागदावर कळला. मूल पुस्तक मिटून उठतं, ते असे क्षण मला ऐकायचे आहेत. फसलेले प्रयत्नही सांगा.

एक आई : आमच्या पुस्तकातल्या कोळ्याला सहाच पाय काढले होते. मुलाने बोट ठेवून मोजले, मग भिंतीवरच्या कोळ्याचे मोजले. आठ! त्यानंतर तो प्रत्येक चित्र मोजूनच पुढे जातो.

शाळेतली ग्रंथपाल : एक मुलगी गोष्टींच्या पुस्तकांना हातच लावत नसे. तिला एकदा पुस्तकाच्या शेवटची सूची दाखवली. वटवाघूळ कुठल्या पानांवर आहे हे आधीच कळतं, याचं तिला केवढं अप्रूप! तेव्हापासून ती पुस्तक मागूनच उघडते. खरंखुरं उडू शकणारा सस्तन प्राणी फक्त वटवाघूळ, हे तिने मलाच ऐकवलं. उडती खार नुसती तरंगत खाली येते म्हणे. पहिल्या पानापासून वाच, हा आग्रह मी सोडून दिलाय.

एक काका : वाढदिवसाला जाडजूड ज्ञानकोश दिला. अजून कोरा करकरीत आहे. पातळ, एकाच विषयाचं पुस्तक द्यायला हवं होतं.

एक बाबा : माझ्या लहानपणीच्या पुस्तकात नऊ ग्रह, मुलाच्या पुस्तकात आठ. “तुमचं पुस्तक खोटं आहे,” तो म्हणाला. जुनं रद्दीत टाकणार होतो, पण दोन्ही शेजारी ठेवून बसलो. 2005 मध्ये सूर्याभोवती फिरणाऱ्या एरिस नावाच्या गोलाचा शोध जाहीर झाला. साधारण प्लूटोएवढाच. मग त्यालाही ग्रह म्हणायचं का? 2006 मध्ये खगोलशास्त्रज्ञांनी ग्रहाची व्याख्या ठरवली आणि प्लूटो बटुग्रह झाला. मुलाने विचारलं, “म्हणजे प्लूटो बदललाच नाही?” नाही, बदललं ते आपलं वर्गीकरण. जुनं पुस्तक आता त्याच्याच कप्प्यात असतं.

एक आजोबा : शास्त्रज्ञ मायकेल फॅरेडे आधी पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करायचा आणि बांधायला आलेली पुस्तकं वाचायचा. पुढे 1860च्या नाताळात त्याने लंडनला मुलांसमोर नुसत्या मेणबत्तीवर व्याख्यानमाला सुरू केली. हे वाचून नातीबरोबर मेणबत्ती लावली, विझवली आणि वर चढणाऱ्या पांढऱ्या धुराला जळती काडी दाखवली. ज्योत उडी मारून वातीवर! तो धूर म्हणजे मेणाचीच वाफ असते. तिने पुन्हा पुन्हा करायला लावलं. (काडी मोठ्यांच्याच हातात असू द्या.)

एक मावशी : कुंडीतल्या रोपावर फुलपाखराचा कोष लागला होता. पुस्तकात चार चित्रं होती : अंडं, अळी, कोष, फुलपाखरू. बहिणीची मुलगी रोज कोषासमोर पुस्तक उघडून बसायची. एका सकाळी कोषाला बारीक भोक आणि आजूबाजूला मुंगीहून लहान, पंख असलेले किडे. ती खूप रडली. मला काहीच सांगता येईना, म्हणून दोघींनी दुसरं पुस्तक शोधलं. त्यात सापडलं : काही इवल्या गांधीलमाश्या कोषात अंडी घालतात आणि त्यांची पिल्लं आतूनच कोष खाऊन वाढतात. ती बराच वेळ गप्प होती. मग पहिलं पुस्तक काढून चार चित्रांखाली पेन्सिलीने पाचवं काढलं, अगदी लहान पंखांचं, आणि लिहिलं, “कधीकधी हे.”