मदत हवी आहे: आईला बसून आंघोळ करता येईल असा हँड शॉवर, माळ्यावरच्या टाकीवर, बजेट ६ हजार

नमस्कार मंडळी,

आईच्या (वय ७४) गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. चालते आता छान, पण उजवा खांदा आखडलाय. स्टुलावर बसून आंघोळ करते तेव्हा भरलेला मग डोक्यापर्यंत पोचतच नाही. पाणी कानाशीच सांडतं, पाठ कोरडी राहते. परवा न्हाऊन बाहेर आली तर मानेवर शिकेकाई तशीच होती. मला आत येऊ देत नाही, "माझं मी करते" म्हणते. तिचं तिला करता यावं, एवढंच मला हवंय.

आम्ही लालबागला जुन्या इमारतीत वरच्या मजल्यावर राहतो. पाणी सकाळी दीड तास येतं. ते मोरीच्या माळ्यावरच्या ३०० लिटरच्या टाकीत भरतो, नंतर नळ आणि १५ लिटरचा गिझर दोन्ही त्याच टाकीवर चालतात.

प्लंबरने भिंत फोडून आत डायव्हर्टर (पाणी नळाकडे की शॉवरकडे ते वळवणारा वॉल्व) आणि वर मोठा रेन शॉवर असे २४ हजार सांगितले. पैशांचं बाजूला ठेवा, पण मागे एकदा टाइल्स फोडल्या तेव्हा खालच्या काकूंच्या स्वयंपाकघराचं छत दोन पावसाळे गळत होतं. पुन्हा ते त्यांच्या वाट्याला नको. शिवाय दुकानात त्या शॉवरच्या खोक्यावर 'किमान ०.५ बार' असं लिहिलेलं पाहिलं. बार हे पाण्याच्या दाबाचं माप. १० मीटर उंचीला साधारण १ बार, म्हणजे ०.५ बारसाठी टाकी शॉवरच्या १६ फूट वर हवी. आमच्या टाकीचा तळ मोरीच्या फरशीपासून ७ फुटांवर. वरच्या शॉवरमधून नुसते थेंब पडतील.

पण आई बसून हँड शॉवर खांद्याशी धरणार, म्हणजे ३ फुटांवर. तिथे ४ फुटांचा दाब मिळतो. थोडाच आहे, पण तिला जोराची धार नकोच आहे. घड्याळ लावून पाहिलं: २० लिटरची बादली थंड नळाने ३ मिनिटांत भरते, गरम नळाला ५ मिनिटं लागतात. गरमची लाइन जुनी जीआयची (जस्त चढवलेल्या लोखंडाची) आहे, आतून गंजली असणार.

म्हणून भिंतीवर बाहेरूनच बसणारा टेलिफोन शॉवरवाला (म्हणजे हँड शॉवर लावलेला) वॉल मिक्सर, गरम-थंड पाणी एकत्र करणारा नळ, घ्यावा असं वाटतंय. दोन नळांमधलं अंतर मोजलं, साडेसहा इंच भरलं. मिक्सर ६ इंचांचे येतात. वाकडे लेग (मिक्सर भिंतीतल्या पाइपांना जोडणारे तुकडे) फिरवून अर्धा इंच जमतो का? कोणी बसवलाय का असा?

खरी काळजी चटक्याची आहे. हँड शॉवरच्या मुठीवर बटण असलं की आईला साबण लावताना पाणी बंद करता येईल. पण बटण बंद आणि मिक्सरचे दोन्ही नळ उघडे राहिले, तर गरम पाणी थंडच्या लाइनीत शिरतं असं वाचलंय. दोन्हीकडे नॉन-रिटर्न वॉल्व (पाणी एकाच दिशेने जाऊ देणारे) लावले, तर एवढ्या कमी दाबात ते उघडतील का? की बटण नसलेलाच घ्यावा आणि गिझरचं तापमान ४५ ला ठेवावं? वयस्कर माणसाची कातडी पातळ असते, म्हणून हे मला आधी नक्की करायचंय.

टाकीखाली छोटा प्रेशर पंप लावा असंही एकाने सुचवलं. महापालिकेच्या लाइनीवर पंप चालत नाही हे माहीत आहे, हा आपल्या टाकीवर असेल. पण मोरीत वीज आणायची म्हणजे ३० मिलीअँपचा आरसीसीबी (वीज गळली की लगेच बंद करणारा स्विच) आधी बसवावा लागेल, म्हणून तो शेवटचा पर्याय.

कमी दाबात कोणता हँड शॉवर खरंच चालतो? मोठ्या भोकांचा की बारीक? सिलिकॉनची भोकं बोटाने चोळून साफ होतात, आमच्या लाइनीतून गंज येतो म्हणून मला ती बरी वाटतात. एबीएस प्लास्टिकचा हलका असतो, आईच्या हाताला तेच सोयीचं. पितळी मूठ दुकानात धरून पाहिली, मलाच जड वाटली.

शनिवारी लोहार चाळीत जाणार आहे. तुमच्या घरी वयस्कर माणसासाठी असं काही केलं असेल तर त्याआधी सांगा. स्टुलाशेजारी आधाराचा दांडा साडेचार इंची विटांच्या भिंतीत कसा पक्का बसवलात, तेही हवंय.