पोथी कुणाच्या हातात?

'जॉर्ज ऑर्वेलच्या "१९८४" या हुकूमशाहीवरच्या कादंबरीत देवच नाही, मग तिथल्या राजवटीची धर्माशी तुलना ओढूनताणून वाटते,' असं एक मत आहे. मला उलट वाटतं. त्या कादंबरीत सत्ताधारी पक्षाचा बडा माणूस ओब्रायन स्वतःच म्हणतो की आम्ही सत्तेचे पुजारी आहोत. इन्क्विझिशनचं, म्हणजे पाखंड्यांना शिक्षा देणाऱ्या चर्चच्या न्यायसंस्थेचं, कुठं चुकलं तेही तो सांगतो: तिनं पाखंडी जाळले आणि हुतात्मे तयार केले. पक्ष आधी मन पालटवतो, मग मारतो. देव नसेना का, पाखंड, कबुलीजबाब, प्रायश्चित्त सगळं आहे की!

अ‍ॅटवुडच्या 'द हँडमेड्स टेल' या कादंबरीत (१९८५) तर गिलियड नावाच्या धर्मराज्यात बायबल कुलपात. वाचून दाखवणार कमांडर, म्हणजे तिथला सत्ताधारी पुरुष, बायकांना वाचायलाच बंदी. तिथं मला आमचं पैठण आठवलं. संन्याशाची पोरं म्हणून ज्ञानेश्वरादी भावंडांना शुद्धिपत्रासाठी तिथल्या ब्रह्मवृंदापुढं उभं राहावं लागलं, असं परंपरा सांगते (रेड्याचं राहू द्या, कागद कोण देणार हा खरा मुद्दा). आणि त्याच पैठणच्या एकनाथांनी पुढं भागवताचा एकादश स्कंध मराठीत आणला. त्यामुळे धर्म म्हणजे हुकूमशाहीच, हे काही मला पटत नाही. गिलियडमधून पळणाऱ्या बायकांना लपवणारे क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे लोकसुद्धा धार्मिकच आहेत.