खालच्या जबड्यातील नेव्हिगेशनची मर्यादा आणि उपयोग

नेव्हिगेशन, म्हणजे शस्त्रक्रियेच्या उपकरणाचे स्थान रुग्णाच्या स्कॅनवर पडद्यावर दाखवणारी संगणकीय पद्धत, वापरले की जबड्याची कोणतीही शस्त्रक्रिया आपोआप अचूक होते, असे एक मत आहे; त्याला एक महत्त्वाची पुरवणी जोडावीशी वाटते. कवटी आणि वरचा जबडा एकसंध असल्यामुळे सीटी स्कॅनमधील खुणा रुग्णाच्या चेहऱ्यावरील त्याच खुणांशी एकदा जुळवल्या, की इन्फ्रारेड कॅमेरा टिपत असलेल्या उपकरणाचे टोक पडद्यावर साधारणपणे १ ते २ मिलिमीटरच्या फरकाने योग्य जागी दिसते. खालचा जबडा मात्र सांध्यावर फिरतो आणि तोंड किंचित उघडले तरी हा मेळ बिघडतो. त्यामुळे स्कॅन व शस्त्रक्रिया या दोन्ही वेळी दात एकाच स्थितीत बांधून ठेवावे लागतात किंवा त्या जबड्यावर स्वतंत्र संदर्भ-चौकट (कॅमेऱ्याला जबड्याची हालचाल टिपता यावी म्हणून लावलेली खूण) बसवावी लागते. कर्करोगानंतर पायाच्या फिब्युला हाडातून जबडा घडवताना थ्रीडी प्रिंटरवर तयार केलेले कटिंग गाइड, म्हणजे हाड नेमके कोठे कापायचे ते दाखवणारे साचे, म्हणूनच अनेकदा अधिक सोयीचे ठरतात.

माझ्या मते खालच्या जबड्यात नेव्हिगेशनचे खरे मोल दिसते ते अँकिलोसिसमध्ये, म्हणजे सांधा हाडाने कवटीला जखडून गेलेल्या रुग्णांमध्ये. तेथे हाडाचा गोळा कापताना कवटीचा तळ नेमका कोठे सुरू होतो हे डोळ्यांना दिसत नाही, शिवाय आतल्या बाजूस मॅक्सिलरी धमनी असते. अशा वेळी खोलीचा अंदाज पडद्यावर मिळणे फार मोठा आधार आहे. जबडा जखडलेला असल्यामुळे येथे मेळही टिकतो, पण हाड मोकळे झाल्यानंतर खालच्या तुकड्याचे पडद्यावरील स्थान ग्राह्य धरू नये.