अंजनेरीला रोपवे हवाच कशाला?

रानभूल: नाशिकजवळच्या ब्रह्मगिरी-अंजनेरी डोंगरांवरच्या रोपवेचा विषय पुन्हा निघालाय. माझं मत: नको. परवा पायऱ्यांवरून दुर्बिणीने कडा बघत होतो. चुना ओतल्यासारखे पांढरे ओघळ दिसले की समजायचं, वर गिधाडांची कपार आहे. लांब चोचीचं गिधाड वर्षाला एकच अंडं घालतं, तेही हिवाळ्यात, ऐन सुट्ट्यांच्या गर्दीत. समोरून दिवसभर पाळणे फिरले तर ती जोडी तिथे टिकेल? २०१७ मध्ये हा डोंगर संवर्धन राखीव झाला, जेमतेम ५.६९ चौ. किमी. तेवढाही सोडवत नाही का आपल्याला?

पायथ्याकर: सुट्टीत गाड्या घेऊन येणारे तुम्हीच ना दादा? मी अंजनेरीचाच. भात निघाला की आमची पोरं द्राक्षबागांवर, नाहीतर सातपूर-अंबडच्या कारखान्यांत. आजी वर अंजनीमातेच्या देवळात शेवटची गेली ती काकाच्या पाठीवर. गिधाडांना आम्ही कधी दगड मारला नाही.

रानभूल: मारला असं कोण म्हणालं? पण तिकीटखिडकीवर गावातलीच पोरं बसतील हे कुठे लिहिलंय? कंत्राट बाहेरच्याला, तुम्हाला वडापावची गाडी. तीही एक दिवस अतिक्रमण म्हणून उचलतील.

गोठेवाला: दोघंही दोरालाच लटकलात. गिधाडं गेली ती डायक्लोफेनॅक या वेदनाशामकाने. जनावराला टोचलं, ते मेलं, गिधाडाने खाल्लं की त्याचं मूत्रपिंड निकामी. २००६ ला जनावरांसाठी बंदी आली, तरी माणसांची मोठी बाटली गोठ्यात यायची, म्हणून २०१५ ला ती ३ मिलीवर आणली. २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि असिक्लोफेनॅक ही तसलीच औषधंही जनावरांसाठी बंद. डॉक्टरांकडे मेलॉक्सिकॅम मागा, गिधाडाला बाधत नाही. दुसरं, मेलेलं जनावर आपण जेसीबीने पुरतो, मग त्यांनी खायचं काय? हरसूलकडे खोरीपाड्याला वनखात्याने त्यासाठी जागा केलीय, तिथे उतरतात.

पायथ्याकर: औषधाचं पटलं. पण बैल मेला तर खोरीपाड्यापर्यंत ट्रॅक्टरचं भाडं कोण देणार?

रानभूल: गोठेवाले, औषधाचं शंभर टक्के मान्य. पण पोट भरलं तरी पिल्लू वाढवायला कपार लागतेच. ती खोरीपाड्याला नेता येत नाही.

पायथ्याकर: बरं, रोपवे नको. मग आजीला वर कसं न्यायचं ते तरी सांगा. काकाचीही पाठ आता गेलीय.