म्हशीच्या आंबोणात करडईचं तेल घातलं तर फॅट वाढती का?

गोठा_मोहोळ:
नमस्कार मंडळी, मोहोळ तालुक्यातनं लिहितोय. घरच्या पंढरपुरी म्हशी हायत, त्यातल्या दोन दिवाळीच्या तोंडाला याल्या. दूध बरं हाय पण फॅट ७ च्या आसपास लागायची ती आता ६ च्या खाली आली, आणि दर फॅटवरच असल्यामुळं सगळा हिशेबच कोलमडतोय. गावात एकजण म्हणतोय रोज पावशेर करडईचं तेल आंबोणात (पेंड-भरडा भिजवून देतो त्यात) कालव, तेल म्हणजेच फॅट, लगेच फरक पडंल. करडई घरची, घाण्यावर काढतो, त्यामुळं तेलाची अडचण नाही. सध्या उसाचं वाडं (उसाचे हिरवे शेंडे), थोडा कडबा, सरकी पेंड आणि मक्याचा भरडा चालूय. घालू का नको?

गुरांचा_डॉक्टर_सोलापूर:
नका घालू दादा. पोटात गेलेलं तेल सरळ दुधात उतरत नाही. दुधातली साधारण निम्मी फॅट कासेतच तयार होती, आणि तिचा कच्चा माल म्हणजे ॲसिटेट, जे चाऱ्यातला चोथा आंबवून मोठ्या पोटातले जिवाणू बनवतात. करडईच्या तेलात ७० टक्क्यांच्या वर लिनोलेइक नावाचं चरबीचं आम्ल, असं मोकळं तेल चाऱ्याच्या काडीवर बसतं आणि चोथा पचवणाऱ्या जिवाणूंनाच मारतं. उरलेले जिवाणू त्या तेलाला हायड्रोजन जोडून त्याचं स्टिअरिक आम्ल करत बसतात, आणि चारा कमी, भरडा जास्त असला की ही वाट बिघडती, मधेच ट्रान्स-१० सिस-१२ नावाचं एक आम्ल तयार होतं जे कासेत जाऊन फॅट बनवणंच दाबून टाकतं. म्हणजे तुम्ही तेल ओतणार आणि फॅट अजून उतरणार.

हिशेब पण बघा. म्हैस दिवसाला १० ते १२ किलो कोरडं खाती, त्यात चारा-पेंडीतनंच ३ टक्क्यांच्या आसपास तेल जातं. एकूण ६-७ टक्क्यांच्या वर गेलं की पचन बिघडतं. वरनं पावशेर तेल म्हणजे तुम्ही त्या हद्दीजवळ गेलाच.

मंगळवेढ्याची_ताई:
डॉक्टर बरोबर सांगतायत. आमच्या शेजारच्या गोठ्यात असंच तेल चालू होतं, शेण पातळ पडायला लागलं, मूठभर शेण चाळणीत घेऊन पाण्याखाली धुतलं तर कडब्याचे बोटभर तुकडे तसेच्या तसे, म्हणजे खाल्लेलं पचतच नव्हतं. दादा तुम्ही पण एकदा धुऊन बघा, लगेच कळतं.
द्यायचीच असंल तर बायपास फॅट द्या. ती पामतेलातल्या आम्लांना कॅल्शियम जोडून केलेली असती, त्यामुळं मोठ्या पोटात विरघळत नाही, चौथ्या पोटातल्या आंबटपणात सुटती आणि पुढं आतड्यात शोषली जाती. पिठुळापेक्षा सव्वादोनपट ताकद मिळती, म्हणून व्यायल्यावर म्हैस खंगत नाही आणि माजावर पण वेळेत येती, मला तर फॅटच्या पॉइंटपेक्षा हाच फायदा मोठा वाटतो. मी १०० ते १५० ग्रॅम देते पण सुरुवात थोड्यानं करा, वासानं म्हशी आंबोण हुंगून सोडतात, दोन चिमटी गूळ टाकला की खातात.

गोठा_मोहोळ:
लई उपकार ताई, डॉक्टर. तेल रद्द. पण मग घाण्याची करडई पेंड पण बंद करू का? आणि वाड्याचं काय, ऊस तुटतोय तवर तेच फुकट मिळतंय.

गुरांचा_डॉक्टर_सोलापूर:
पेंड बंद नका करू, प्रोटीन कुठनं देणार? घाण्याच्या पेंडीत तेल उरलेलं असतं म्हणून सरकी आणि करडई दोन्ही भरपूर असं करू नका, एक वाढवली की दुसरी कमी. भरडा थोडा उतरवा.
खरी गडबड मला वाड्यात दिसतीय. वाड्यात ऑक्झलेट असतं, ते कॅल्शियम बांधून घेतं, आणि चरबीची आम्लं पण कॅल्शियम-मॅग्नेशियमला धरून पोटात साबण करतात, दोन्ही एकदम आलं की व्यालेल्या म्हशीला कॅल्शियम कमी पडतं. मिनरल मिक्श्चर रोज ५० ते १०० ग्रॅम चालू करा. वाडं निम्म्यावर आणा, बाकी मालदांडी ज्वारीचा कडबा कुट्टी करून, पण एकदम पीठ करू नका, रवंथ व्हायला पाहिजे. आणि आधी चारा, मग आंबोण. बदल हळूहळू करा आणि दोन-तीन आठवड्यांनी फॅट किती लागली ते इथंच टाका.