मदत हवी आहे: घरच्या मातीच्या बांधातून गढूळ पाणी येतंय

नमस्कार मंडळी. एरवी मी इथे पाककृतींच्या धाग्यांवर असते. धागा पहिल्यांदाच काढतेय आणि तोही घाईत, तेव्हा सांभाळून घ्या.

माझं माहेर राजापूर तालुक्यातलं. बाबा आणि काकांनी १९८८ साली घरच्याच जागेत पऱ्यावर (म्हणजे छोट्या ओढ्यावर) मातीचा बांध घातला. सरकारी योजना नाही, कंत्राटदार नाही. गडीमाणसं, एक ट्रॅक्टर आणि दोन उन्हाळे, एवढ्यावर झालेलं काम. उंची साधारण १८ फूट, लांबी दीडशे फुटांच्या आसपास. भरला की एकरभर तळं होतं. कलमांची फवारणी आणि उन्हाळी भाजी त्याच पाण्यावर. आता सातबारावर चुलतभाऊ (आम्ही त्यांना अण्णा म्हणतो) आणि मी. अण्णा गावात असतात, मी ठाण्यात.

गेल्या आठवड्यात गेले होते. बांधाच्या खालच्या अंगाला, पायथ्याशी, पाणी निघताना दिसलं. तिथे ओल पूर्वीपासून आहे, अळू माजतं. या वेळी मात्र बोटभर धार होती आणि पाणी चहाच्या रंगाचं. अण्णांनी त्यावर सिमेंट थापलं होतं, तर दोन हातांवर नवीन धार लागली. विचारलं तर म्हणाले, "मातीचा बांध आहे, पाझरणारच. इतकी वर्षं काही झालं नाही." वर "तू ठाण्यात बसून काळजी करू नकोस" हेही झालं.

खाली पऱ्याच्या काठाने वाडी आहे. नऊ घरं आणि एक साकव. आमचं घर वरच्या अंगाला आहे, म्हणजे बांध गेला तर आमच्या अंगणात पाणी यायचं नाही. हे लिहिताना लाज वाटते.

साधा पाझर आणि धोका यांतला फरक कसा ओळखायचा? अशा खाजगी बांधाची तपासणी कोणी करतं का? आणि आत्ता, भर जुलैत, करण्यासारखं काय आहे?

– पऱ्याकाठची

गाळमुरूम:
ताई, जलसंधारणात २९ वर्षं काढली, म्हणून स्पष्ट लिहितो. मातीचा बांध पाझरतो हे अण्णांचं म्हणणं खरं आहे. पण निवळ पाणी पाझरणं वेगळं आणि गढूळ पाणी येणं वेगळं. गढूळ म्हणजे पाणी एकटं येत नाही, बांधाची माती घेऊन येतंय. आतून बीळ पडत जातं आणि ते खालून वर, तळ्याच्या दिशेने वाढतं. वरून भिंत धडधाकट दिसते.

खात्री करायची तर धारेखाली काचेची बाटली भरा आणि रात्रभर न हलवता ठेवा. सकाळी तळाला गाळ बसला असेल तर विषय संपला. दुसरं म्हणजे बादली लावून ती किती सेकंदांत भरते ते रोज त्याच वेळी वहीत लिहायचं. तळ्याची पातळी तीच आणि बादली लवकर भरायला लागली, तर धोका वाढतोय.

सिमेंट काढा. खालच्या तोंडाला बूच मारलं की पाणी थांबत नाही, आत दाब वाढतो आणि ते दुसरीकडून फुटतं. तुमच्याकडे तेच झालंय. धारेवर आधी स्वच्छ जाड वाळू, तिच्यावर बारीक खडी, वर मोठी खडी आणि दगड असा ढीग घाला. पाणी जाऊ द्यायचं, माती अडवायची.

आता मला सांगा: सांडवा, म्हणजे जादा पाणी बाहेर जायची वाट, कशी आहे? बांधावर झाडं आहेत का? आणि बांधातून कुठला पाइप गेलाय का?

हापूसप्रेमी:
तिवऱ्यालाही खेकड्यांनी बांध पोखरला होता म्हणे ;)

चिरेखाण:
@हापूसप्रेमी, आमची सासुरवाड चिपळूणची, त्यामुळे हसू आलं नाही. २ जुलै २०१९ च्या रात्री तिवरे धरण फुटलं, भेंदवाडी वाहून गेली, वीसच्या आसपास माणसं गेली. गळतीची तक्रार लोकांनी आधीच केली होती. खेकड्यांवर खापर नंतर फुटलं. आणि ते तर सरकारी धरण होतं, कागदावर तरी कोणीतरी जबाबदार होतं.

पऱ्याकाठची:
@गाळमुरूम, धन्यवाद. आत्ताच अण्णांच्या मुलाशी बोलले. बांधावर ऐनाची दोन झाडं आहेत, तिसरं मागच्या वर्षी तोडलं. सांडवा उजव्या कडेला, चिऱ्यांचा. त्याच्यावर अण्णांनी दोन थर जास्तीचे चढवलेत, पाणी मे महिन्यापर्यंत पुरावं म्हणून. शिवाय तळ्यात मासे सोडलेत, ते जाऊ नयेत म्हणून जाळी लावली आहे.

आणि हो, पाइप आहे. मला माहीतच नव्हतं. तीन वर्षांपूर्वी बाग भिजवायला बांध खणून पीव्हीसी पाइप टाकला आणि वरून माती लोटली. धार त्याच रेषेत आहे.

गाळमुरूम:
मग उत्तर मिळालं. पाइपच्या पोटाखाली माती ठोकून बसत नाही, पोकळी राहते. पाण्याला आयती वाट. मातीच्या बांधातला पाइप ही जगभरातली जुनी दुखरी जागा आहे.

पण आज रात्रीची भीती मला पाइपपेक्षा सांडव्याची जास्त वाटते. मातीच्या बांधावरून पाणी जाता कामा नये. एकदा माथ्यावरून वाहू लागलं की ते खालचा उतार खात जातं आणि काही तासांत खिंडार पडतं. तुम्ही दोन थर, म्हणजे सव्वा फूट सांडवा उचललात आणि वर जाळी. एका मोठ्या सरीत पालापाचोळा जाळीला अडकला की सांडवा आहे काय आणि नाही काय.

उघडीप असेपर्यंत करा. जाळी आजच काढा. वरचा थर एका टोकाकडून, दोन-दोन चिरे करत उतरवा, पाणी बसू द्या, मग दुसरा. कमरेला दोर बांधल्याशिवाय कोणी उतरायचं नाही. तेवढ्याने भागलं नाही तर सायफन लावा: ४ इंची कडक पाइप, बांधाच्या माथ्यावरून, खालचं तोंड पायथ्यापासून लांब दगडांवर. एकरभर तळ्यातलं एक फूट पाणी म्हणजे सुमारे १२ लाख लिटर. पाइपने सेकंदाला २० लिटर काढलं तर १७ तास लागतात, पऱ्याचं येणारं पाणी वेगळं. घाई नको, पाणी झपाट्याने उतरवलं तर आतला ओला उतार घसरतो.

आणि कोणी कितीही सांगितलं तरी जेसीबी लावून बांध फोडू नका. चर पाडला की तो तुमच्या मापाचा राहत नाही.

ऐनाची झाडं आत्ता तोडू नका. तोडलेल्याची मुळं आत कुजत असतील, ते खोड पाऊस संपल्यावर खणून काढायचं आणि खड्डा थराथराने ठोकून भरायचा.

काळाकोट:
तपासणीबद्दल. धरण सुरक्षा कायदा २०२१ चा आहे, पण तो १५ मीटरहून उंच धरणांना लागू होतो. १० ते १५ मीटरमधल्यांनाही काही अटींवर. तुमचे १८ फूट म्हणजे साडेपाच मीटर. त्या कायद्याखाली कोणी येणार नाही. याचा अर्थ जबाबदारी नाही असा मात्र नव्हे. १८६८ चा रायलँड्स विरुद्ध फ्लेचर हा इंग्लंडमधला निकाल अशाच खाजगी तळ्याचा होता. गिरणीमालकाच्या तळ्याचं पाणी शेजाऱ्याच्या खाणीत शिरलं, मालकाचा स्वतःचा निष्काळजीपणा नव्हता, तरी भरपाई त्याच्याच माथी आली. आपली न्यायालयंही हे तत्त्व मानतात. सातबारावर नाव आहे, म्हणजे ताई, तुम्हीही त्यात आहात. ग्रामपंचायत आणि तहसीलदार दोघांना लेखी कळवा, पोच घ्या.

नकाशावाचक:
छोट्या बांधाने काय होतंय म्हणणाऱ्यांसाठी: केनियात सोलाई इथे एका खाजगी मळ्यातला मातीचा बांध ९ मे २०१८ च्या रात्री फुटला, चाळीसहून जास्त माणसं गेली. हाही रात्रीच.

चिरेखाण:
कायदा नंतर. वाडीत सांगितलंत का?

पऱ्याकाठची:
नव्हतं सांगितलं. अण्णांचा मान राहावा म्हणून गप्प होते. काल पोलीस पाटलांना फोन केला, जिल्ह्याच्या आपत्ती कक्षाला १०७७ वर कळवलं. पऱ्यालगतची चार घरं रात्री शाळेत झोपायला गेली. म्हाताऱ्या काकू तयार नव्हत्या, त्यांची शेळी आधी नेली तेव्हा निघाल्या.

जाळी निघाली. दोन्ही थर उतरवले, वाडीतली सहा पोरं आणि अण्णांचा मुलगा. वाळू-खडी घातली. बाटलीच्या तळाला काल बोटभर गाळ होता, आज जेमतेम दिसतो. बादली काल १४ सेकंदांत भरत होती, आज २३. तळं सव्वा फुटाने खाली आहे.

अण्णा माझ्याशी बोलत नाहीत. मासे गेले म्हणतात, ते खरंच आहे.

@गाळमुरूम, आता रोज बादली मोजायची का दिवसाआड चालेल? आणि तो पाइप दिवाळीनंतर काढायचा तर नुसता ओढून चालेल?

गाळमुरूम:
पाऊस असेपर्यंत रोज दोनदा, आणि जोराची सर पडून गेली की लगेच. पाणी परत गढूळ झालं तर बादली सोडा, वाडी हलवा.

पाइप ओढायचा नाही, पोकळी तशीच राहते. तळं उतरल्यावर पूर्ण रुंदीत उघडून काढायचा, दोन्ही बाजूंना उतार ठेवून, आणि तो चर चिकट मातीने अर्ध्या-अर्ध्या फुटाचे थर पाणी मारून ठोकत भरायचा. तेव्हा मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. रत्नागिरीतच असतो, येऊन जाईन. अण्णांशीही बोलतो, माझ्या वयाचे असतील.